‘लढाईच्या वेळी इथं जहाज पडलं होतं’ : जुन्या विमानांचे अवशेष शोधायला निघालेल्या नवख्यांसाठी

लश्करात राहणाऱ्या माणसाला विमानाच्या आवाजाचं काही वाटत नाही. लश्कर म्हंजे आमच्या ग्वाल्हेरचं लश्कर, फौज नव्हे. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज उठलं की तावदानं थरथरतात, बोलणारा दोन सेकंद थांबतो आणि वाक्य जिथं सोडलं तिथूनच पुढे सुरू करतो. अशा गावात आळीआळीत विमानाची एखादी दंतकथा असणारच. आमच्या काकांच्या वाड्यात पाण्याच्या टाकीवर एक अल्युमिनियमचं झाकण आहे आणि ते ‘इंग्रजांच्या फायटर विमानाचं पान’ आहे हे आम्हाला मुंजीच्या आधीपासून पाठ होतं. त्या झाकणापायी मला हा नाद लागला. झाकणाचं काय निघालं ते पुढे येईल, जरा धीर धरा.

आता ओळखीतली पोरं विचारतात, दादा, मेटल डिटेक्टर कुठला घेऊ? सध्या कुठलाच नको. पहिले काही महिने लागतं ते इंटरनेट, एक वही, मऊ पेन्सिल, आणि म्हाताऱ्या माणसांजवळ तासन् तास बसायची तयारी. डिटेक्टर घेऊन बीहडात, म्हंजे चंबळच्या घळींत, फिरणाऱ्याला खिळे, नाल, बाटल्यांची बुचं आणि पोलिस सापडतात, विमान नाही.

आधी ठरवा, कुठली लढाई

‘लढाईच्या वेळी’ म्हंजे कधी? दुसरं महायुद्ध, १९६५, १९७१, का १९९९ चं कारगिल? गावात सगळ्यांना एकच शब्द आहे, लड़ाई, आणि विमानाला म्हणतात जहाज. आणि आपला भाग कुठल्याच लढाईत रणांगण नव्हता हे आधी डोक्यात घट्ट बसवा. जपानी विमानं एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण-काकिनाड्यावर आली, त्याच डिसेंबरात कलकत्त्यावर आली, पण मध्य भारतात जपानी विमान पाडलं वगैरे कोणी सांगत असेल तर चहा प्या आणि निघा. इकडे जी पडली ती ट्रेनिंगची, माल आणि माणसं नेणारी, एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायला चाललेली. इंजिन बंद पडलं, वादळात रस्ता चुकला, पेट्रोल संपलं, असली साधी कारणं.

खरा खजिना ईशान्येला आहे. १९४२ ते ४५ मध्ये आसामातून हिमालय ओलांडून चीनला सामान नेणारा जो ‘हंप’ नावाचा हवाई मार्ग होता त्यावर सहाशेच्या आसपास विमानं गेली, आणि त्यातली कितीतरी अजून अरुणाचलच्या जंगलात आहेत. ‘हॉट ॲज हेल’ नावाचं बी-२४ लिबरेटर बॉम्बर २५ जानेवारी १९४४ ला पडलं आणि थेट २००६ मध्ये, क्लेटन कुल्स नावाच्या अमेरिकन माणसाने स्थानिक शिकाऱ्यांना वाटाड्ये करून ते दामरोहजवळ गाठलं. पासीघाटला या हंपचं म्युझियमही झालंय, २०२३ मध्ये. नवख्याने कुठलीही खोदाखोद करायच्या आधी तिथं जाऊन खरा अवशेष कसा दिसतो ते बघून यावं असं माझं मत आहे, कारण ऐंशी वर्षं पावसात पडलेलं दुरालुमिन, म्हंजे विमानाच्या पत्र्याचं अल्युमिनियमचं मिश्रण, एकदा डोळ्याखालून गेलं की नंतर कूलरच्या पत्र्याला माणूस भुलत नाही.

आमच्याकडचे म्हातारे ‘पाण्यात उतरणारं जहाज’ म्हणतात ती मात्र थाप नाही बरं का. इंपिरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी इंग्लंडहून पूर्वेकडे जाताना कराचीनंतर राजसमंदच्या तलावावर आणि मग इथं माधो सागरावर उतरायच्या, पुढे अलाहाबाद, कलकत्ता. ती प्रवासी विमानं होती, लढाऊ नव्हेत, आणि उतरली म्हंजे पडली असंही नाही. आठवणीत हे दोन्ही मिसळतं. तसंच वडोदऱ्याच्या मंडळींचं: ‘बडोदा स्क्वाड्रन’ खरंच होती, रॉयल एअर फोर्सची १२४ नंबरची, गायकवाडांच्या देणगीमुळे ते नाव मिळालं, १९४१ मध्ये स्पिटफायर घेऊन उभी राहिली, पण उभी राहिली स्कॉटलंडच्या टोकाला. तिची विमानं दांडिया बाजारावरून उडाली असं समजून शेतात शोधत बसू नका.

मग कागद

ब्रिटिश हवाई दलाची प्रत्येक स्क्वाड्रन रोजची डायरी लिहायची, तिला ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक म्हणतात, फॉर्म ५४०. ती लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहे आणि बरीचशी स्कॅन होऊन नेटवर मिळते. अपघाताचं वेगळं कार्ड असायचं, फॉर्म ११८०. अमेरिकन विमान असेल तर त्यांचा ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ शोधा, हा कागद म्हंजे सोनं आहे, कारण त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे नंबर आणि बसवलेल्या मशीनगनचे नंबरसुद्धा असतात. म्हंजे शेपटी जळून गेली, रंग उडाला, तरी चिखलातल्या एका गनवरचा नंबर वाचता आला की विमान कुठलं ते कळतं.

एक युक्ती मला फार उशिरा सुचली. कागद सापडत नसेल तर कबरी बघा. पुण्याला खडकीचं वॉर सिमेटरी आहे ना, ते पश्चिम आणि मध्य भारतात इकडेतिकडे विखुरलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या कबरी एकत्र आणायलाच बनवलंय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर खडकीची यादी उघडा, त्यात फक्त हवाई दलवाले निवडा आणि तारखेने लावा. एकाच तारखेला तीन-चार नावं, एक पायलट, एक नॅव्हिगेटर, एक वायरलेसवाला, अशी ओळीने आली की बहुतेक वेळा ते एकच विमान असतं. तारीख मिळाली, आता डायरीत फक्त ते पान उघडायचं. दिल्लीच्या सिमेटरीची यादीही अशीच चाळा, आमच्या बाजूला तीही लागते. ज्यांचा देह मिळालाच नाही अशा या भागातल्या हवाई दलवाल्यांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत.

कागद वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, मैल. ‘ग्वाल्हेरच्या नैऋत्येस १२ मैल’ असं लिहिलेलं असतं, आता हे रस्त्याचे मैल का समुद्री मैल हे लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि बारा मैलांत जवळजवळ तीन किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून दोन्हींचा गोल नकाशावर काढा. दोन, घड्याळ. १९४२ ते १९४५ या काळात सरकारने देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, त्यामुळे अहवालातले संध्याकाळचे साडेसहा म्हंजे आपले साडेपाच, तेव्हा ऊन असतं. ‘अंधारात पडलं’ म्हणणारा म्हातारा आणि अहवाल जुळत नसेल तर आधी हे तपासा, मग म्हाताऱ्याला खोटं ठरवा.

नकाशासाठी अमेरिकन लष्कराची यू ५०२ नावाची भारताची सिरीज आहे, एकास अडीच लाख प्रमाणाची, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने फुकट टाकलीये. त्यात तेव्हाच्या धावपट्ट्या दिसतात. ती शीट आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघा, सगळी शेतं वाकडीतिकडी आणि मध्येच किलोमीटरभर सरळ रेघ दिसली तर तिथं कधीतरी विमानं उतरत होती असं धरायला हरकत नाही.

म्हाताऱ्यांजवळ बसा

ह्यात घाई केली की सगळं नासतं. तुम्ही गेल्या गेल्या ‘बाबा, १९४३ में यहाँ अंग्रेज़ों का प्लेन गिरा था क्या’ असं विचारलंत तर ते हो म्हणणारच, पाहुण्याला नाही कोण म्हणतं. साल विचारायचंच नाही. आमच्याकडे खुणा ठरलेल्या आहेत: महाराजांचं राज्य होतं का गेलेलं? मानसिंग डाकू जिवंत होता का? (तो १९५५ मध्ये मारला गेला.) आणे चालायचे का नये पैसे आलेले? नये पैसे आले १९५७ मध्ये. तुमचं लग्न झालं होतं का? थोरला मुलगा चालायला लागला होता का?

मुरैनेकडच्या एका गावात एक बाबा बाजेवर बसून छातीठोकपणे सांगत होते, लड़ाई के टैम पे जहाज गिरो हतो, हमने अपनी आँखन से देखो. माझ्या सोबतच्या मित्राने वहीत लगेच ‘दुसरं महायुद्ध’ लिहूनही टाकलं. मी विचारलं, पुढे पंखा फिरत होता का हो? बाबा म्हणाले, पंखा? पंखा कहाँ, पीछे से आग निकल रई थी. मग पैशाचं विचारलं तर म्हणाले की बघायला गेलो तेव्हा पोलिसाने चहाचे नये पैसे दिले. झालं, जेट विमान आणि १९५७ नंतरचं. मित्राने गुपचूप वहीतली ओळ खोडली. बाबा खोटं बोलत नव्हते, विमान पडलंच होतं, फक्त तुम्हाला हवी ती लढाई नव्हती.

एक प्रश्न न विसरता विचारा, पत्रा कोणी नेला? पंखा-इंजिन पोलिस नेतात, फौज नेते, पण पातळ पत्रा गाव नेतं. त्याच्या पराती होतात, खुराड्याची दारं होतात, हुक्क्याची चिलीम ठेवायची ताटली होते. अवशेष शेतात नसून स्वैपाकघरात असतो.

जाण्याआधी, आणि हे वगळू नका

जमीन कोणाची आहे ते विचारून, लेखी नाहीतर निदान सरपंचासमोर तोंडी परवानगी घेऊन जा. हवाई तळाच्या आसपास कॅमेरा, ड्रोन, डिटेक्टर काही नेऊ नका, तिथं ‘मला छंद आहे’ हे उत्तर चालत नाही. चंबळच्या काठाला घडियालांचं अभयारण्य आहे, तिथं वन विभाग. पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत डिटेक्टर बाहेरही काढायचा नाही. आणि १८७८ चा एक निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असली की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, दहा रुपये, हो, रक्कम तेव्हापासून तीच आहे. लष्करी विमान पडलं म्हणून बेवारशी होत नाही, ज्या सरकारचं होतं त्याचं ते राहतं, हेही ध्यानात ठेवा.

हात लावू नये अशा वस्तू. बॉम्ब, तोफगोळा, फ्लेअरची नळी, जिवंत काडतूस, दाबाची कुठलीही बाटली, आणि जेटच्या सीटखालचं काहीही, कारण पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटमध्ये स्फोटक काडतुसं असतात आणि ती कधी उडतील सांगता येत नाही. गंज चढला म्हणून ती मेली असं नसतं, उलट काही जास्त चिडकी होतात. जागा लक्षात ठेवा, आल्या पावली मागे फिरा, ११२ लावा.

जुन्या घड्याळाच्या तबकड्यांचं फार कमी लोकांना माहीत असतं. विमानातल्या मीटरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावायचे. चमक आता गेलेली असते, पण रेडियम अर्धा व्हायला सोळाशे वर्षं लागतात, म्हंजे ते जवळजवळ जसंच्या तसं आहे. काच फुटलेली तबकडी खरवडायची नाही, फुंकायची नाही, घरात पोराबाळांच्या कपाटात ठेवायची नाही.

हाडं, दात, बूट, ओळखीचा बिल्ला दिसला तर तिथंच थांबा. पोलिसांना कळवा, मग ज्या देशाचा माणूस असेल त्यांचं खातं बघतं, अमेरिकेचं डीपीएए नावाचं खातं तर एवढ्यासाठीच आहे. फोटो काढून गावभर फिरवू नका, कोणाचा तरी आजा आहे तो.

आणि ताजा अपघात हा तर विषयच नाही. २८ जानेवारी २०२३ ला इथूनच उठलेलं सुखोई-३० आणि मिराज पडलं, अवशेष मुरैना जिल्ह्यात पहाडगडजवळ आणि थेट भरतपूरकडे राजस्थानात. तेव्हा लोक मोबाइल घेऊन धावले, काहींनी तुकडे उचलले. चौकशी करणाऱ्याला एकेक तुकडा जिथं पडला तिथंच हवा असतो, आणि आधुनिक विमानाचा जळालेला कार्बन फायबर श्वासात गेला की तो वेगळाच त्रास. त्या बातमीतून शिकायचं ते एकच, हवेत तुटलेल्या विमानाचा पसारा किती लांब जातो. तुम्हाला एक पंख सापडला म्हणून इंजिन शेजारच्या बांधावर असेल असं नाही.

जागेवर काय दिसेल

बहुधा फारसं काहीच नाही. टायगर मॉथ लाकडाचं आणि कापडाचं, त्याचं इंजिन आणि लोखंडी नळ्या सोडल्या तर वाळवीने सगळं खाल्लेलं असतं. मॉस्किटोसुद्धा लाकडी, १९४४ च्या शेवटी तर त्यांचे पंख सांध्यात सुटायला लागले म्हणून इकडची मॉस्किटो उडवणंच थांबवलं होतं. हरिकेनची मागची बाजू कापडाची. डकोटा, लिबरेटर, स्पिटफायर यांचा मात्र पत्रा उरतो.

जोरात आणि सरळ खाली आलेलं विमान काळ्या मऊ जमिनीत कित्येक फूट घुसतं, वर फक्त खड्डा राहतो आणि तोही नांगराखाली बुजतो. बीहडात उलटं, तिथं दर पावसाळ्यात माती वाहून जाते, म्हणून जिनसा नाल्याच्या खालच्या अंगाला, दगडांच्या मागे अडकलेल्या मिळतात, आणि पडल्याची खरी जागा वर कुठंतरी असते. पहिला जोरदार पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की जायचं, त्याआधी साप आणि घसरण.

खाली बघताना या गोष्टी ओळखायला शिका: अल्युमिनियम वितळून थिजलेले करडे गोळे, म्हंजे आग लागली होती. पिवळट पडलेली जाड प्लॅस्टिकसारखी काच, कडा चिरफाळलेल्या, ते पर्स्पेक्स. पांढरी भुकटी सुटलेला पत्रा, तोच दुरालुमिन. पात्याचं टोक वाकलेलं आणि वळलेलं असेल तर साधारण इंजिन चालू असताना आपटलंय, एक पातं मागे दुमडून बाकीची सरळ असतील तर बंद असावं.

सापडलं की आधी हात खिशात. फोटो, चारी बाजूंनी, शेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवून, ते बरोबर २७ मिलिमीटर असतं म्हणून माप आपोआप येतं. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश वहीत लिहा, हो वहीत, फोन मरतो. कुठल्या तोंडाने पडलंय, किती खोल, खाली माती आहे का राख. उचललेला तुकडा मुका होतो, मग तो कितीही चकाचक असो, त्याला कुठं होतास विचारता येत नाही.

आता ओळखायचं कसं

चुंबक घ्या. चिकटलं तर लोखंड-पोलाद, नाही चिकटलं तर पुढे चला. हातात धरून वजन बघा, अल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरतं. मग रिव्हेटा बघा. परातीला रिव्हेटांच्या ओळी नसतात. दोन रिव्हेटांमधलं अंतर मोजा, बरीच अंतरं मोजा, इंचात नीट बसतात का मिलिमीटरात? ब्रिटिश आणि अमेरिकन विमानं इंचात, जपानी आणि रशियन मिलिमीटरात. एवढ्यावर निकाल देऊ नका, पण दिशा कळते.

आतल्या बाजूचा रंग. अमेरिकन विमानाच्या आत पिवळसर हिरवा झिंक क्रोमेट, ब्रिटिश कॉकपिटमध्ये राखाडी हिरवा, जपानी विमानात निळसर हिरवं पारदर्शक लाखेसारखं लिंपण. बाहेर देशाच्या खुणेच्या रंगीत गोलाचा तुकडा असेल आणि त्यात लाल असेल तर विचार करा, कारण जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊन आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडायला लागली म्हणून या आघाडीवर ब्रिटिशांनी लाल काढून निळ्यावर फिकट निळा केला, आणि अमेरिकनांनीही १९४२ मध्ये ताऱ्यातला लाल ठिपका पुसला.

शिक्के हा खरा मजेचा भाग. मुकुट आणि खाली एएम, म्हंजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. त्याखालचा भांडाराचा नंबर ६ ए ने सुरू होत असेल तर ती मीटर-उपकरणाची वस्तू, ५ सी असेल तर विजेची. सीबीएएफ म्हंजे कॅसल ब्रॉमविचचा कारखाना, स्पिटफायरच्या भागांवर दिसतो. स्पिटफायरच्या भागाचा नंबर ३०० ने सुरू होत असेल तर नवखा उड्या मारतो की मार्क वन, म्हंजे पहिलंवहिलं मॉडेल, सापडलं, पण तेच भाग पुढच्या मॉडेलांत तसेच वापरत गेले आणि नंबरही तोच राहिला, त्यामुळे ३०० म्हंजे फक्त ‘स्पिटफायर असावं’. पत्र्यावर छापलेलं अल्क्लॅड २४ एसटी, हे अमेरिकन. भागाचा नंबर ३२ ने सुरू, तर लिबरेटर का बघा, कारण कंपनीच्या लेखी ते मॉडेल ३२ होतं. अमेरिकन शेपटीवरच्या नंबरात सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांतला पहिला गाळायचे, म्हणून २ ने सुरू होणारा नंबर बहुतेक वेळा १९४२ च्या ऑर्डरीचा असतो.

इंजिन मिळालं तर सिलिंडर मोजा. चार, एका रांगेत आणि उलटे लटकलेले, टायगर मॉथ. गोलात नऊ असतील तर हार्वर्ड, लायसँडरही नऊच. दोन चक्रांत चौदा, डकोटा किंवा लिबरेटर, व्हेंजन्सलाही चौदाच पण इंजिन थोराड. अठरा असेल तर हंपवरचं सी-४६ किंवा थंडरबोल्ट. व्ही आकारात बारा असतील तर बहुतेक मर्लिन इंजिन, म्हंजे स्पिटफायर, हरिकेन, मॉस्किटो यांपैकी काहीतरी.

काडतुसाची रिकामी पुंगळी मिळाली तर बुडाचा शिक्का वाचा. .३०३ वर के एफ असेल तर ती आपल्या खडकीच्या कारखान्याची. अमेरिकन पॉइंट फिफ्टी मशीनगनच्या पुंगळीवर एसएल म्हंजे सेंट लुइस, एलसी म्हंजे लेक सिटी, पुढे सालाचे दोन आकडे. फक्त इथं चंबळ आहे हे विसरू नका. .३०३ पोलिसांकडेही होती आणि बागी लोकांकडेही, त्यामुळे बीहडात एक पुंगळी मिळाली तर विमानापेक्षा चकमकीची शक्यता कितीतरी जास्त. पुंगळ्यांबरोबर मशीनगनच्या पट्ट्याच्या धातूच्या कड्या मिळाल्या तरच पुढे जा.

शेवटचा फसवा प्रकार म्हंजे कबाडात मिळालेला अस्सल तुकडा. आमच्याकडे भंगारला कबाडच म्हणतात. युद्ध संपल्यावर कानपूरला इंग्रजांनी लिबरेटरं मोडून-ठोकून टाकून दिली होती, एचएएल या आपल्या विमान कंपनीने त्यातली ४२ दुरुस्त करून उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली, उरलेल्यांचं कबाड झालं. डकोटा तर पुढे कित्येक वर्षं टपाल आणि प्रवासी नेत होती. म्हंजे तुकडा खरा, विमान खरं, पण ते कुठं पडलंच नव्हतं.

आणि आता काकांचं झाकण

वरचा भाग आधीच गेलेला होता, कारण काकूंनी एका दिवाळीला चिंच आणि राख लावून ते लख्ख घासलं होतं आणि शाईचे जे काही आकडे होते ते मोरीत गेले. म्हणून सांगतो, घासू नका. मऊ ब्रश, साधं पाणी, बस. ब्रास वायर ब्रश, रेती कागद, अ‍ॅसिड, काही नको.

मी झाकण उलटं केलं. आतल्या कडेला, जिथं काकूंचा हात पोचला नव्हता, बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. डोळ्याला काही दिसेना. मग लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल फिरवायचो तसं केलं, पातळ कागद, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने. आधी दोन आकडे उठले, मग एक रेघ, मग आणखी चार आकडे, आणि त्यांच्या शेजारी एक अक्षर जे इंग्रजी आर सारखं होतं पण आरशात बघितल्यासारखं उलटं. मी कागदच उलटा धरला, मग आकडे उलटे झाले. पाच मिनिटांनी ट्यूब पेटली, हे रशियन अक्षर आहे. रिव्हेटांचं अंतर मोजलं, प्रत्येक वेळी मिलिमीटरातच बसलं.

मिग-२१ आपल्याकडे १९६३ पासून होती, पुढे तर ओझरलाच बनायची, नाशिकजवळ. त्या पत्र्यावरून मिगच आहे का दुसरं कुठलं रशियन विमान हे मी सांगू शकत नाही, कोणी एका पत्र्यावरून सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण इंग्रजांचं आणि युद्धातलं नाही एवढं नक्की. लिलावाच्या कबाडातून आमच्या ग्वाल्हेरच्या हजिऱ्याकडे आणि तिथून वाड्यात असाच प्रवास झाला असणार.

काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अरे, मग रशियाने इंग्रजांना दिलं असेल. दोस्तच होते ना तेव्हा?” झाकण टाकीवर परत ठेवून त्यावर वीट ठेवली, कारण माकडं उघडतात. मी वहीत लिहिलं: ग्वाल्हेर, लश्कर, वाड्याच्या गच्चीवर, मूळ जागा माहीत नाही, मिलिमीटर, एक रशियन अक्षर, पेन्सिलचा ठसा जोडलाय, युद्धकाळ नाही.